फोर्ट ते मरीन ड्राइव्ह: आधुनिक मुंबईची गटफेरी कशी चालवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: इतिहासात एम. ए. झालं आहे, मुंबईच्या फोर्ट भागात आधुनिक इतिहास आणि वास्तुकला या विषयावर मराठीतून गटफेरी सुरू करायची आहे. एका वेळी पंचवीस माणसं, तीन तास, आणि त्यात सीएसएमटी, काळा घोडा, गेटवे, ओव्हल, मरीन ड्राइव्ह एवढं सगळं बसवायचं आहे. मार्ग कसा आखावा, काय बोलावं, परवानग्या कोणत्या, आणि लोक कंटाळू नयेत म्हणून काय करावं?

आधी यादीला कात्री लावा. काळा घोडा आणि गेटवे ही वेगळी फेरी आहे, तिचं गोत्र वेगळं. पहिल्या फेरीत सीएसएमटीपासून हुतात्मा चौक, तिथून ओव्हल मैदान आणि शेवटी मरीन ड्राइव्ह, एवढंच घ्या. अंतर अडीच-पावणेतीन किलोमीटर. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेला ‘व्हिक्टोरियन गॉथिक (एकोणिसाव्या शतकातली टोकदार कमानी-शिखरांची दगडी शैली) आणि आर्ट डेको (१९३०च्या दशकातली वळणदार रेषांची, काँक्रीटची शैली)’ समूह, म्हणजे ९४ इमारती आणि ६६.३४ हेक्टर क्षेत्र, त्याचा गाभा या वाटेवर येतो. सीएसएमटीला तर २००४ सालीच वेगळी नोंद मिळाली आहे. ९४ पैकी तुम्ही दहा-बाराच दाखवणार, आणि तेवढ्या पुरतात.

दुसरी गोष्ट, फेरी म्हणजे चालतं व्याख्यान नव्हे. इतिहास शिकलेल्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण ही असते की त्याला माहीत असलेलं सगळं सांगायचं असतं. रस्त्यावर नियम उलटा आहे. उभ्या जागेवरून जे दिसतं तेच बोलायचं. दिसत नाही ते घरी ठेवायचं, किंवा त्याचा जुना फोटो हातात धरून ते ‘दिसतं’ करायचं. १८५७ नंतरचा राज्यकारभार, मुंबई इलाख्याची रचना वगैरे मजकूर सीएसएमटीच्या समोर उभं राहून सांगायला लागलात की पाचव्या मिनिटाला मागची रांग मोबाइल काढते. तीच मंडळी दगडातला उंदीर शोधायला सांगितलं की दहा मिनिटं मान वर करून उभी राहतात.

मग या वाटेला धरून ठेवणारं एकच सूत्र लागतं, आणि ते इथे आयतं आहे: समुद्र मागे सरकत गेला. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात किल्ल्याचे तट पाडले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा होता. मोकळ्या झालेल्या जागेच्या पश्चिम कडेला सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट अशी ओळ उभी राहिली, आणि ती सगळी समुद्राकडे तोंड करून. त्या वेळी ओव्हलच्या पलीकडे बॅकबेचं पाणी होतं. पुढे साठेक वर्षांनी भराव घालून ते पाणी हटवलं आणि त्या नव्या जमिनीवर डेकोची ओळ आली, गॉथिक ओळीच्या डोळ्याला डोळा भिडवून. श्रोत्यांना एवढं एक वाक्य घेऊन घरी जाता आलं तरी फेरी वसूल झाली. प्रत्येक थांब्यावर या सुताला एक गाठ मारायची, बाकीचं आपोआप ओवलं जातं.

आता ऊन. हे कुणी सांगत नाही आणि नवखा हटकून इथेच फसतो. सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर या सगळ्यांचे दर्शनी भाग पश्चिमेकडे आहेत. सकाळी आठ वाजता सूर्य इमारतीच्या मागे असतो. दर्शनी भाग काळपट, सपाट दिसतो, कोरीवकाम बुजतं आणि फोटो वाया जातात. दुपारी साडेतीननंतर तिरपं ऊन दगडावर पडलं की प्रत्येक पान, प्रत्येक चेहरा उठून येतो. म्हणून ‘सकाळी गारवा असतो’ या मोहात न पडता ही फेरी दुपारीच ठेवा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, तेव्हा सव्वातीनला निघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये चारला. ओव्हलच्या पश्चिमेची डेको ओळ पूर्वाभिमुख आहे, ती संध्याकाळी सावलीत जाते. त्याने बिघडत नाही, कारण तिथे पाहायचं ते जाळ्या, कठडे, नावांच्या पाट्या, आणि हे सगळं सावलीत जास्त स्वच्छ दिसतं. उभं राहायलाही बरं. सकाळचीच फेरी हवी असेल तर डेकोपासून सुरुवात करा आणि गॉथिक ओळीबद्दल कमी बोला.

वेळेचा हिशेब एकदा कागदावर मांडा. एकटा माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो. वीस जणांचा गट सिग्नल, खड्डे, फेरीवाले धरून अडीच चालतो. म्हणजे पावणेतीन किलोमीटरला सहासष्ट मिनिटं नुसती चालण्यात गेली. एकूण पावणेतीन तास धरले तर उरतात साधारण शंभर मिनिटं. त्यातली वीस स्वच्छतागृह, पाणी आणि उशिरा येणाऱ्यांना. राहिली ऐंशी, म्हणजे आठ मिनिटांचे दहा थांबे. अकरावा थांबा घातलात की मरीन ड्राइव्हला अंधारात पोचाल. आठ मिनिटांपैकी बोलायचं पाच-साडेपाच. रस्त्याच्या गोंगाटात स्वच्छ मराठी बोलायचं तर मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे जाता येत नाही. याचा अर्थ एका थांब्याला फार तर साडेपाचशे शब्द. तुमच्या टिपणाचे शब्द मोजा, मग कळेल किती छाटायचं आहे ते.

पंचवीस माणसं ही संख्याही जास्त आहे. अठरा ठेवा, फार तर वीस. कारण आवाजाचं नाही, त्यावर उपाय आहे. कारण फुटपाथ. दादाभाई नौरोजी रस्त्यावर गट एकामागून एक चालतो, तेव्हा वीस जणांची रांग पंचवीस-तीस मीटर लांब होते आणि एका सिग्नलमध्ये पार होत नाही. अर्धे पलीकडे, अर्धे अलीकडे अशी अवस्था झाली की तुमची दोन मिनिटं गेलीच, शिवाय मागे राहिलेले धावत रस्ता ओलांडतात. म्हणून शेपटीला एक माणूस हवाच, छत्री किंवा टोपीमुळे लांबून ओळखू येणारा. पुढचा माणूस सिग्नलला थांबणार, शेपटीवाला हात वर करणार, मग सगळे एकदम ओलांडणार. आणि चालता चालता बोलायचं नाही. पुढच्या चौघांना ऐकू जातं, बाकीच्यांना आपलं काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.

आता थांबे.

सीएसएमटीला लोकांना दारात बोलावू नका. लोकल पकडणाऱ्यांच्या लोंढ्यात गट उभा राहूच शकत नाही आणि इमारतही दिसत नाही. पालिका मुख्यालयाच्या बाजूला, जिथे लोक सेल्फी काढतात तिथे जमा. उंच वास्तू पाहायला तिच्या उंचीइतकं तरी अंतर लागतं, दीडपट असलं तर उत्तम; या जागेवरून ते मिळतं. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, काम १८७८ ते १८८८. वर्षं एवढीच. पुढे डोळ्यांना कामाला लावा.

क्रम वरून खाली. घुमटावरची स्त्री ही व्हिक्टोरिया राणी नव्हे, ती ‘प्रगती’ची मूर्ती आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. नव्वद टक्के लोक तिला राणी समजून आलेले असतात. राणीचा पुतळा होता तो खाली, दर्शनी भागातल्या कोनाड्यात; स्वातंत्र्यानंतर तो काढला आणि कोनाडा रिकामा राहिला. तो रिकामा कोनाडा शोधायला सांगा. वसाहतवाद, स्वातंत्र्य, नामांतर (१९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ साली त्यात ‘महाराज’) या सगळ्याला तो कोनाडा पुरतो, वेगळं भाषण लागत नाही. मग प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. मग भिंतीवरचे गोल चौकटीतले चेहरे. त्यांत जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि आपले जगन्नाथ शंकरशेट आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्या रेल्वेच्या उभारणीत नाना शंकरशेटांचा हात होता, हे मराठी गटाला माहीत असतं. पण त्यांचा चेहरा त्या भिंतीवर आहे हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. इथे दुर्बीण फिरवा. आठपट मोठं दाखवणाऱ्या दोन दुर्बिणी वीस जणांत पुरतात.

शेवटी कोरीवकाम. पानाफुलांत खारी, मोर, माकडं, उंदीर लपलेले आहेत. कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. ‘इंग्रजांनी काय सुंदर बांधलंय’ हे वाक्य कुणीतरी म्हणणारच. त्याला तिथेच, वाद न घालता, छिन्नी कुणाच्या हातात होती एवढं सांगायचं.

२६ नोव्हेंबर २००८ चा विषय इथे निघतोच. दोन वाक्यांत, आवाज खाली आणून सांगा, आणि गोळ्यांच्या खुणा दाखवायच्या मागे लागू नका. गटात त्या रात्री कुणी आपलं माणूस गमावलेलं असू शकतं.

पालिका मुख्यालय याच थांब्यावरून मान वळवून दिसतं. तोच स्टीव्हन्स, पूर्ण झालं १८९३ साली, पाचच वर्षांनी, पण इथे घुमट जास्त पौर्वात्य झाले आहेत. ‘एकाच हातच्या दोन इमारती, फरक सांगा’ असा प्रश्न टाकून अर्धा मिनिट गप्प बसा. गप्प बसणं हे या धंद्यातलं अवघड काम आहे, पण लोक बोलू लागतात ते इथूनच.

दादाभाई नौरोजी रस्त्यावर एकच गोष्ट दाखवा: कमानींखालचा सलग पादचारी मार्ग. १८९० च्या दशकात, रस्ता हॉर्नबी रोड होता तेव्हा, दर्शनी भागासाठी नियम झाले. शैली मालकाने हवी ती घ्यावी, पण तळमजल्याला कमानींची पडवी ठेवलीच पाहिजे. म्हणून गॉथिक, निओक्लासिकल, इंडो-सारसेनिक असं सगळं शेजारी शेजारी आहे आणि तरी रस्ता एकसंध वाटतो. हे पडवीत उभं राहून नाही दिसत. पलीकडच्या फुटपाथवरून दाखवा, मग ओलांडून त्या पडवीतून चालवा. आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात या रस्त्यावर अख्खं ऑफिस सीएसएमटीकडे येत असतं आणि तुम्ही उलटे जात असता; म्हणून ही फेरी शनिवार-रविवारीच.

हुतात्मा चौकात दोन काळ एकमेकांना खेटून उभे आहेत. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, पाडलेल्या तटाच्या ‘चर्च गेट’च्या जागेजवळ. ‘चर्चगेट’ हे नाव रेल्वे स्टेशनाला का पडलं याचा उलगडा इथे होतो आणि लोकांना तो फार आवडतो. शेजारी शेतकरी आणि कामगाराने मशाल उचलून धरलेलं हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात गोळीबार झाला. महाराष्ट्र झाला १ मे १९६०. हुतात्म्यांचा आकडा १०५, १०६, १०७ असा तिन्ही प्रकारे छापलेला आढळतो. गटातला एखादा ज्येष्ठ तुम्हाला दुरुस्त करणारच, तेव्हा वाद न घालता आकडा बदलत का गेला हे सांगा: आधीच्या यादीत नंतर नावांची भर पडली. आणि इथे चपला, पाण्याच्या बाटल्या, फोटोच्या पोझ याबद्दल आधीच सूचना द्या. स्मारकाच्या चौथऱ्यावर कुणी बसलं तर तुम्हाला आणि त्याला दोघांनाही वाईट बोल ऐकावे लागतील. २१ नोव्हेंबर आणि १ मे या दिवशी चौक अभिवादनाच्या कार्यक्रमांनी भरलेला असतो, फेरी ठेवू नका.

तिथून वीर नरिमन रस्त्याने ओव्हलवर आलात की खरी फेरी सुरू होते. मैदानाच्या पूर्वेच्या रस्त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव, पश्चिमेच्या रस्त्याला महर्षी कर्व्यांचं. आधी हे मेयो रोड आणि क्वीन्स रोड होते; मेयो आणि क्वीन गेले आणि दोन शिक्षक आले. मराठी गटाला हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हायकोर्ट आणि विद्यापीठ हे दोन थांबे खरं तर एकाच जोडीचे, आणि इथे दगड शिकवायचा. हायकोर्ट (कर्नल जेम्स फुलर, काम १८७१ ते १८७८) काळसर निळ्या बेसॉल्टचं. शेजारचा राजाबाई टॉवर पिवळसर कुर्ला दगडाचा. बेसॉल्ट आपल्या सह्याद्रीचा, कठीण, त्यात बारीक नक्षी काढायची तर छिन्नी हरते. म्हणून भिंत काळ्या दगडाची आणि नाजूक काम मऊ, फिकट दगडात, असा जोड या काळातल्या मुंबईत जागोजागी दिसतो. मऊ दगडाचं दुखणं असं की खारी हवा आणि पावसाळा त्याला खातात. कडा झिजतात, चेहरे पुसट होतात. श्रोत्यांना हाताच्या अंतरावर एखाद्या कुंपणाच्या खांबावर हे दोन्ही दगड दाखवता आले तर पाहा. बोटांनी चाचपलेला दगड कुणी विसरत नाही. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारी प्राण्यांची तोंडं, ज्यांना गार्गॉइल म्हणतात, त्यांना सरळ ‘पागोळीची तोंडं’ म्हणा. मराठीत फेरी करण्याचा फायदा हाच. कमान, कोनाडा, सज्जा, पडवी, कठडा, जाळी हे शब्द असताना इंग्रजी संज्ञांची उतरंड रचायचं कारण नाही. गॉथिक, डेको, कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला आधार असलेला, बाहेर आलेला भाग) असे चार-पाच परके शब्द पुरतात.

हायकोर्टाच्या माथ्यावर न्याय आणि करुणा यांच्या मूर्ती आहेत. विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि टॉवर यांचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे, आणि तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. पैसा कुणाचा? सभागृहाला कावसजी जहांगीर रेडिमनी यांचा, ग्रंथालय आणि टॉवरला प्रेमचंद रायचंद यांचा, दोन आणि दोन असे चार लाख रुपये. टॉवरला नाव प्रेमचंदांच्या आईचं. उंची ८५ मीटर, पूर्ण झाला १८७८ साली. मध्ये १८६५ आलं: युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलै १८६५ ला सौद्यांची मुदत भरली आणि शेअरबाजारासकट प्रेमचंदही बुडाले. त्या सट्ट्यातला सर्वांत गाजलेला शेअर बॅकबे भराव कंपनीचा होता. म्हणजे जो टॉवर दिसतो तो त्या तेजीतून वाचलेला, आणि ज्या समुद्रावर सट्टा लावला तो समोर. इथे सूत्राला मोठी गाठ बसते. आंधळ्या आईला वेळ कळावी म्हणून घंटा लावल्या, ही कथा सांगायची असेल तर ‘असं सांगतात’ म्हणून सांगा.

८५ मीटरचा टॉवर त्याच्या पायथ्याशी उभं राहून दाखवणं म्हणजे मान मोडण्याचा कार्यक्रम. ओव्हल मधोमध ओलांडणाऱ्या पायवाटेवर जा. इथे गटाचं तोंड पूर्वेकडे करा, ऊन पाठीवर, आणि १८७०चं दशक सलग पाहू द्या. मग म्हणा, आता मागे वळा. वळलं की १९३०चं दशक. या एका वळण्यासाठी ही फेरी करायची असते. त्या क्षणी बोलू नका. (रविवारी मैदानात एकाच वेळी अनेक सामने चालू असतात, पायवाट सोडून कुणाला जाऊ देऊ नका. चेंडू लागलेला पाहुणा पुढच्या वेळी येत नाही.)

मग जुना फोटो काढा, ज्यात हायकोर्ट-विद्यापीठाच्या समोर पाणी आहे. ए-३ आकार, लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट हवं. चकचकीतावर आकाश दिसतं, फोटो नाही. मोबाइल किंवा टॅब वीस जणांना दाखवता येत नाही.

भरावाची गोष्ट इथे नीट, सबंध आठ मिनिटं सांगा, कारण आधुनिक मुंबई इथे कळते. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात डेव्हलपमेंट खातं निघालं. बॅकबेचे आठ तुकडे भरायचे होते. खर्च फुगला, समुद्र भराव गिळू लागला, खुर्शेद नरिमन यांनी गैरकारभार चव्हाट्यावर आणला, योजनेला ‘लॉईडचा मूर्खपणा’ असं नाव पडलं, आणि एक, दोन, सात, आठ एवढेच तुकडे झाले. पहिल्या दोन तुकड्यांच्या जमिनीवर ही डेको ओळ आणि मरीन ड्राइव्ह. उरलेल्या भागात पुढे झालेल्या भरावाला नाव मिळालं ते भरावावर टीका करणाऱ्याचं: नरिमन पॉइंट. आणि याच खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे कामगारांसाठी काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. बीडीडी चाळ म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटचीच चाळ. एकाच खात्याचं काँक्रीट: इथे समुद्र दिसणारे फ्लॅट, तिथे १६० चौरस फुटांची खोली. गटात चाळीत वाढलेलं कुणीतरी असतंच, आणि इथे ती व्यक्ती बोलू लागते. बोलू द्या, दोन मिनिटं जातील, जाऊ देत. पुनर्विकासात त्या चाळी पाडल्या जात आहेत, तेव्हा त्यांची वेगळी फेरी करायची तर वेळ कमी आहे.

डेको दाखवताना ‘शैलीची वैशिष्ट्ये’ सांगत बसलात तर बी. आर्क.चा तास होतो. एक इमारत निवडा आणि फुटपाथवरून पाच गोष्टी शोधायला लावा. खिडकीवर भुवईसारखा बाहेर आलेला छज्जा: तो ऊन आणि पाऊस अडवतो, म्हणजे नुसती सजावट नाही. कोपऱ्यात वळणारी गॅलरी: दगडी भिंतीत हे जमत नाही, आरसीसीचा कॅन्टिलिव्हर असला तरच कोपरा मोकळा ठेवता येतो, काही पावलांवरच्या गॉथिक भिंतीची जाडी आठवायला सांगा. जहाजासारखा नळ्यांचा कठडा आणि गोल खिडकी. गेटच्या लोखंडात उगवता सूर्य किंवा गोठलेलं कारंजं. आणि इमारतीचं नाव, त्याच काळच्या वळणदार अक्षरांत. मग विचारा, यात राहायला कोण आलं? वाडा, बंगला किंवा चाळ सोडून लिफ्ट आणि घरातच न्हाणीघर असलेल्या ‘फ्लॅट’मध्ये राहणं ही तेव्हा नवी कल्पना होती. बांधणाऱ्यांत जे. जे.मधून शिकलेली भारतीय वास्तुकारांची पहिली मोठी पिढी होती, जी. बी. म्हात्रे (१९०२-१९७३) हे त्यातलं ठळक मराठी नाव. गॉथिक ओळ सरकारची आणि दात्यांची, ही ओळ घरमालकांची आणि भाडेकरूंची.

ही राहती घरं आहेत हे विसरू नका. जिन्याची जाळी आणि टेराझोची फरशी पाहायचा मोह होतो, पण सोसायटीची लेखी परवानगी नसेल तर गेटच्या आत पाऊल नको. वॉचमनच्या ओळखीवर एकदा जाल, दुसऱ्या आठवड्यात सोसायटी सूचना लावेल आणि तुमच्यामागून येणाऱ्या सगळ्यांचं दार बंद होईल. खिडक्यांतल्या माणसांचे फोटो नकोत. शेवटाकडे इरॉस सिनेमागृह (१९३८, वास्तुकार सोराबजी भेदवार): कोपऱ्यावर इमारत कशी वळवावी याचा धडा तिरप्या रेषेतून, स्टेशनाच्या बाजूने दिसतो.

मुंबईत डेको इमारतींची संख्या मायामीच्या खालोखाल, हे वाक्य सगळेच म्हणतात. मोजणी कशी केली, काय धरलं यावर ते अवलंबून आहे. ‘जगातल्या मोठ्या समूहांपैकी एक’ म्हणा आणि सुटा. गेटवेची फेरी कराल तेव्हा ताजमहाल हॉटेल चुकून उलटं बांधलं आणि वास्तुकाराने जीव दिला ही कथा कुणीतरी काढेलच. ते सुरू करणारे वास्तुकार सीताराम खंडेराव वैद्य आजारपणात, इमारत पूर्ण व्हायच्या आधीच गेले. हॉटेल १९०३ साली उघडलं. आणि काळा घोडा चौकात आज उभा आहे तो घोडा २०१७ चा आहे, जुना स्वारासकट १९६५ साली हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. अशा तीन-चार दंतकथांची उत्तरं खिशात ठेवा. मात्र स्वतःहून काढू नका. खोडून काढलेली दंतकथासुद्धा लोकांना लक्षात राहते ती दंतकथाच.

परवानग्यांचं थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावरून वीस जणांनी चालायला सहसा काही लागत नाही, पण इमारतींच्या आत प्रत्येकाचे नियम वेगळे. हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या आवारात परवानगीशिवाय जाता येत नाही, कोर्टात कॅमेरा चालत नाही, स्टेशनात व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते, ड्रोनचा विचारही करू नका. आतून दाखवायचं असेल तर पत्रव्यवहार महिनाभर आधी, आणि आदल्या दिवशी फोन. आतल्या भेटीवर फेरी उभी करू नका. ऐनवेळी दार बंद झालं तरी आठ मिनिटं भरून निघतील असं बाहेरून दिसणारं काहीतरी हाताशी असू द्या.

तारखा पाहताना तीन गोष्टी तपासा. रविवारचा मेगाब्लॉक: कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारी बघून गटाला कळवा, नाहीतर निम्मी मंडळी कुर्ल्याला अडकलेली असतात. जानेवारीतली मॅरेथॉन: तिसऱ्या रविवारी सकाळी इथले रस्ते बंद. आणि आझाद मैदानावरचा मोर्चा: त्या दिवशी सीएसएमटीसमोर बॅरिकेड, तुमची जमायची जागा पोलिसांकडे. अशा वेळी हुतात्मा चौकातून सुरुवात करायची आणि सीएसएमटी शेवटी, हा पर्याय आधीच ठरवून ठेवा. जून ते सप्टेंबर ही फेरी पूर्ण होत नाही. वीस छत्र्या उघडल्या की मागच्या रांगेला फक्त छत्र्यांची वास्तुकला दिसते. पावसाळ्यात पडवीपुरती, दीड तासाची छोटी फेरी करा.

जवळ ठेवायच्या वस्तू: कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि तोंडाजवळचा माइक (आवाज मध्यम, शेवटच्या माणसाला पोचेल इतकाच, हायकोर्टासमोर कामकाजाच्या दिवशी अजिबात नाही), जास्तीची बॅटरी, ओआरएसची चार पाकिटं, पट्ट्या, नावांची छापील यादी. स्पीकर बंद पडला तर गट अर्धवर्तुळात घ्या आणि स्वतः भिंतीकडे पाठ करून उभे राहा, भिंत आवाज पुढे ढकलते. स्वच्छतागृह सुरुवातीला सीएसएमटीत आणि मग एकदम चर्चगेट स्टेशनात, मध्ये भरवशाचं काही धरू नका. हे निघायच्या आधी स्पष्ट सांगा, विशेषतः बायका आणि ज्येष्ठांना, कारण ते विचारायला संकोचतात आणि तासभर पाणी पीत नाहीत. सीएसएमटीसमोरच्या भुयारी मार्गाला पायऱ्या आहेत. गटात व्हीलचेअर किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर त्यांना थेट हुतात्मा चौकात बोलवा. नोंदणीतच हा प्रश्न असू द्या.

शुल्क ठरवताना शेपटीच्या माणसाचे पैसे आणि न येणारे दोन-तीन जण आधी धरा, मग स्वतःचे. फुकट फेरीला नोंदणी चाळीस होते आणि येतात अकरा. थोडं का होईना, आगाऊ घ्या.

मरीन ड्राइव्हला सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी पोचा. कठड्यावर बसवा, पाठ समुद्राकडे, तोंड इमारतींकडे; सगळ्यांना उलटं बसायचं असतं, पाच मिनिटं थांबायला लावा. इमारतींची उंची एका रेषेत का आहे ते विचारा, आणि ती रेषा कुठे तुटली आहे ते शोधू द्या. तिथे पुनर्विकास आला आहे. मग माणसं मोजा, शेपटीवाल्याची संख्या आणि तुमची संख्या जुळली की फेरी संपल्याचं जाहीर करा आणि त्यांना समुद्राकडे वळू द्या.